गोटीराम म्हणजे उलटी बाही

नाशिकच्या सुतारांच्या शेडमध्ये एक शब्द चालतो. दाराची चौकट जोडताना तिची एखादी बाही, म्हणजे बाजूचा उभा सोट, उलटी लागली की कोणीतरी ओरडतं, “अरे थांब थांब, गोटीराम झाला!” मग सगळे हसतात, बाही काढतात, सरळ करून लावतात आणि चहा मागवतात. पूर्वी याच चुकीला ‘उफराटी’ म्हणायचे. तो शब्द जुन्या माणसांबरोबर गेला आणि त्याच्या जागी हा येऊन बसला. नव्या कारागिरांना विचारलं, की बाबांनो, गोटीराम म्हणजे काय, तर ते खांदे उडवतात. एकाला वाटत होतं ते कुठल्यातरी हत्याराचं नाव आहे. तो जिवंत माणूस आहे आणि पेठ रोडच्या चाळीत राहतो असं सांगितलं असतं, तर त्यानं ते थट्टेवारी नेलं असतं.

उलटी म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दाराला चौकट असते एवढंच माहीत असतं. झाड जंगलात उभं असतं तेव्हा त्याचं बूड मातीकडे आणि शेंडा आभाळाकडे. त्या झाडाची बाही काढली तर घरातही तिनं तसंच उभं राहायचं, बूड खाली, शेंडा वर. शेंडा खाली गेला तर झाड डोक्यावर उभं राहतं आणि त्याच्याबरोबर घरही, अशी समजूत. ती खरी किती आणि खोटी किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण सुतारांनी हा नेम देवासारखा पाळला. रंधा मारून चारी अंगांनी गुळगुळीत केलेल्या बाहीचं बूड कुठलं नि शेंडा कुठला हे चटकन कळत नाही, म्हणून ओंडका चिरल्याबरोबर सुतार बुडाकडे गेरूची एक रेघ ओढतो. मगच तंबाखू मळायला बसतो.

गोटीराम सुतार ही रेघ कधी विसरला नव्हता. घोटीकडचा माणूस. बापाबरोबर लहानपणीच नाशकात आला आणि द्वारका चौकाजवळच्या एका वखारीत कामाला लागला. बोलायला मुखदुर्बळ, पण चौकट करावी तर त्यानंच. गणेशपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर, गणपती कोरायला बसला की दुपारचं जेवणसुद्धा विसरायचा. त्याची बायको बायडाबाई त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. चाळीत कोणाचं बाळंतपण असो की भांडण, बायडाबाईचा आवाज पहिला. लोक म्हणायचे, देवानं दोघांना एकच जीभ दिली आणि ती बायडाबाईनं उचलली.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादच्या सहादूनं मळ्यात पक्कं घर बांधायला काढलं. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर, असा त्याचा चार पैशांचा सुखी मळा. घर विटांचं, वर स्लॅब, पण पुढच्या दाराला सागाची चौकट पाहिजे आणि ती गोटीराम मिस्तरीच्याच हातची पाहिजे, हा सहादूच्या बायकोचा, शकुबाईचा, हट्ट. फक्त लाकूड सहादूनं परस्पर आणलं. तेव्हा वखारींमध्ये नवीनच रंध्याची मशिनं आली होती. ओंडका दाखवायचा आणि तासाभरात आरशासारख्या बाह्या घेऊन जायच्या. सहादूला त्याचं भारी कौतुक. मशिनवाल्याला कसली आलीय गेरूची रेघ? त्यानं चिरलं, रंधलं, टेम्पोत टाकलं.

मग गोटीरामनं काय केलं? लाकडाच्या अंगावरच्या रेघा बघून ओळखलं असणार. सागाच्या फळीवर जाळासारख्या जिभा दिसतात, एकात एक बसलेल्या. त्यांची टोकं शेंड्याकडे असतात. तो हे डोळे मिटून सांगू शकायचा. पण तेव्हा लग्नसराई आणि घरबांधणी एकदम आली होती, हाताखाली तीन चौकटी होत्या, आणि ज्या गोष्टी माणूस रोज करतो त्या त्यानं केल्या की नाही हे त्याला कधीच आठवत नाही. घरातून निघताना कुलूप लावलं का, हे आपल्याला आठवतं का?

चौकट उभी करायच्या दिवशी शकुबाईनं तिला हळदकुंकू लावलं, मळ्यातल्या झेंडूची माळ बांधली, नारळ फोडला. सहादूचा थोरला मुलगा नवनाथ, एकोणीस-वीस वर्षांचा, बाही छातीशी कवटाळून उभा होता. गोटीराम ओळंबा सोडून बघत होता आणि “जरा माझ्याकडं, जरा माझ्याकडं” म्हणत होता. नवनाथ म्हणाला, “मिस्तरी, लवकर करा, नायतर माझंच लगीन लावशाल हिच्यासंगं.” सगळे हसले. शकुबाईनं मिस्तरीला टॉवेल-टोपी केली आणि पुरणपोळीचं जेवण घातलं.

दोन वर्षांनी, दसऱ्याच्या आधी आठवडाभर, नवनाथ गेला. पाऊस लांबला होता, झेंडू ऐन फुलावर आणि पाणी द्यायला लाइट नाही. दुपारी लाइट आली तेव्हा तो जेवायला बसला होता. शकुबाई म्हणाली, “ऊठ, आधी मोटार चालू कर, पुन्ना जाईल लाइट.” तो भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन उठला. विहिरीजवळच्या विजेच्या पेटीत पाझराची ओल शिरली होती. पेटीला हात लागला आणि तिथंच संपलं. त्या दसऱ्याला मळ्यातला झेंडू कोणी खुडला नाही.

गोटीराम तिसऱ्या दिवशी बसायला गेला. बाया आत होत्या, पुरुष बाहेर. तो हातपाय धुवायला मागच्या बाजूला गेला तर शकुबाई एकटीच न्हाणीच्या दगडावर बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही, जणू भिंतीशीच बोलत होती. “ताटावरनं उठवला म्या त्याला, मिस्तरी,” ती म्हणाली. “ताटावरनं. माजं लेकरू जेवत व्हतं.” गोटीराम हातपाय न धुताच पुढं आला. हे वाक्य शकुबाई त्या दिवशी बोलली, त्यानंतर ते तिच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दाराचं कवाड खाली लोंबायला लागलं, म्हणून सहादूनं भिमाजी नावाच्या सुताराला बोलावलं. भिमाजी तसा वाईट माणूस नव्हता, फक्त गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. नवी बिजागरी बसवायला त्यानं बाहीवरचा ऑइल पेंट तळहाताएवढा खरवडला, आत डोकावला, आणि “अगायायाया” केलं. “ही बाही उलटी हाय. शेंडा खाली हाय हिचा. कुनी बसवली?”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं म्हणायची पद्धत आहे. पण मेलेल्या मुलाच्या आईला ही म्हण कोण सांगणार? शकुबाई तडक पेठ रोडला आली. सहादू मागून ओढल्यासारखा येत होता. चाळ बाहेर जमली. ती गोटीरामच्या समोर उभी राहिली आणि विचारलं, “बाही कशी लावली व्हती? सांग. सरळ का उलटी?”

इथं दुसरा कोणीही असता तर छातीवर हात मारून “सरळ” म्हणाला असता. म्हणायलाच पाहिजे होतं. पण गोटीराम विचार करत राहिला. त्यानं खरोखर आठवून बघितलं. नवनाथ आठवला, ओळंबा आठवला, पुरणपोळी आठवली, पण बाहीच्या अंगावरच्या रेघा काही आठवेनात. “मला आठवत न्हाई,” तो म्हणाला. “मी येतो आन बघतो.”

“माज्या उंबऱ्याला पाय लावलास तर तंगडी तोडीन,” शकुबाई म्हणाली.

संपलं. आठवत नाही म्हणजे केलंच, असा हिशेब चाळीनं, वखारीनं आणि सगळ्या मखमलाबादनं त्याच दिवशी केला. बायडाबाई मात्र चाळीच्या मधोमध उभी राहून ओरडत होती, “माज्या मान्साच्या हातनं व्हनार न्हाई! तो आठवत न्हाई म्हनतो कारन तो खोटं बोलत न्हाई, रांडंच्यांनो!” तिचं कोणी ऐकलं नाही. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही.

सहादूच्या घरानं पुढचं दार बंद केलं. चौकट काढायची तर भिंत फोडावी लागणार, वरच्या स्लॅबला धक्का बसणार, म्हणून ती तशीच ठेवली. घरातली माणसं मागच्या दारानं ये-जा करू लागली. पाहुणे आले तरी गोठ्याला वळसा घालून मागून यायचे, आणि प्रत्येक पाहुणा विचारायचा की असं का, आणि प्रत्येकाला सांगितलं जायचं. वर्षभरात मेहुण्यापाहुण्यांकडून ही गोष्ट सटाण्यापर्यंत पोचली. सुतारांच्या शेडमध्ये पहिल्यांदा कोणीतरी सावधगिरीनं म्हणालं, “बघ हां, गोटीरामसारखं नको व्हायला.” मग ‘सारखं’ गळालं. मग फक्त गोटीराम उरला.

आणि ज्याचं नाव होतं त्याला काय वाटत होतं? खरं सांगायचं तर, काहीच नाही. हेच त्याचं दुखणं होतं. आधी त्याला वाटलं की राग येईल. आला नाही. मग वाटलं की नवनाथसाठी रडू येईल. तेही आलं नाही. हिवाळ्यात पहाटे गोदावरीत हात बुडवून धरला की थोड्या वेळानं हात आहे की नाही तेच कळत नाही, तसं त्याचं झालं. खायचा, झोपायचा, कामावर जायचा. कोणी तोंडावर शब्द वापरला तरी मान वर करायचा नाही. मात्र एकच गोष्ट त्याच्या मनात रोज, न चुकता यायची. आपण बघितलं होतं की नव्हतं? एवढं एक कळलं असतं तर पुढचं काय ते, रडणं किंवा ओरडणं, त्याला करता आलं असतं. ते कळत नव्हतं म्हणून सगळंच अडून बसलं होतं.

बायडाबाईचं उलटं. तिला सगळं वाटायचं. तिनं नळावर भांडणं केली, लग्नात केली, एकदा तर बाराव्याच्या जेवणात पंगतीतून उठून एका सोयऱ्याच्या अंगावर धावली. तिची थोरली बहीण म्हणाली, “अगं, सोड आता, मानूस चुकतो.” त्या दिवसापासून तिनं बहिणीशी बोलणं टाकलं. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणायची, “तुमी एकदा म्हना, सरळ लावली. फकस्त माज्याजवळ म्हना.” तो म्हणायचा, “बघितल्याबिगर कसं म्हनू?” ती कपाळाला हात लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच बाजूनं भांडायला बाहेर पडायची.

चौकटीचं काम त्याला कोणी देईना. त्यानंही मागितलं नाही. थोडे दिवस सातपूरच्या एका दुकानात प्लायवुडची कपाटं केली. प्लायवुडला ना बूड ना शेंडा, कसंही लावा, त्याला ते बरं वाटलं. पुढं देवळाली कॅम्पला एका शेठकडे लागला. तिथं फौजींच्या बदल्या होत असतात, आणि बदली झाली की भांडीकुंडी, टीव्ही, शिलाई मशीन भरायला लाकडी खोकी लागतात. गोटीराम खोकी करायचा. खोकं झालं की त्यावर काळ्या रंगानं एक बाण काढायचा, वरची बाजू कुठली ते हमालाला कळावं म्हणून. ज्यानं आयुष्यभर नुसत्या नजरेनं वर-खाली ओळखलं, त्याला आता बाण काढून द्यावे लागत होते. यात काही विचित्र आहे असं त्याच्या मनात आलं असेलही, पण बाण तो नीट काढायचा.

कॅम्पात त्याला सगळे नुसते मिस्तरी म्हणत. नाव कोणी विचारलं नाही. एकदा शेठनं स्वतःच्या बंगल्याच्या दारासाठी पंचवटीकडचे दोन कारागीर आणले. ते शेजारच्या शेडमध्ये चौकट जोडत होते. मध्येच एक जण हसत ओरडला, “ए गोटीराम केला का बे!” खोक्यात खिळा ठोकणारा हात जरासा थांबला.

“गोटीराम म्हणजे काय?” गोटीरामनं विचारलं. त्याला खरंच ऐकायचं होतं.

“तुम्हाला नाही माहीत?” तो कारागीर खुशीत आला. “होता एक सुतार. बेवडा. नशेत उलट्या बाह्या बसवायचा. ज्या घरात बसवली त्या घरातला थोरला मुलगा गेलाच. सात घरं बुडवली म्हणतात. शेवटी त्यानं स्वतःच्याच चौकटीला फास लावून घेतला.”

“सात?”

“सात तर सांगतात.”

गोटीरामनं खोक्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाला, “फास लावला तेव्हा तरी बाही सरळ होती का?”

दोघं खो खो हसले. मिस्तरी भारी आहे, असं एक जण दुसऱ्याला म्हणाला. गोटीराम खाली बघून पुढचा खिळा ठोकू लागला. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण तेही त्यानं सांगितलं नाही. आपण मेलो आहोत हे ऐकून त्याला फारसं आश्चर्य वाटलं नाही. संध्याकाळी पॅसेंजरनं घरी परत येताना त्याला एवढंच वाटलं, की हे बायडाबाईच्या कानावर जायला नको.

अशी अकरा वर्षं गेली. मखमलाबादला मळ्यांचे प्लॉट पडू लागले. सहादू आजारपणानं गेला. धाकटा मुलगा वाल्मीक आता कर्ता झाला होता. त्यानं मळ्याचा रस्त्याकडचा तुकडा, घरासकट, एका बिल्डरला दिला आणि मागं दोन खोल्या बांधायला काढल्या. घर पाडायचं ठरलं. आणि एके दिवशी वाल्मीक मोटरसायकलवर पेठ रोडच्या चाळीत आला. चाळीनं त्याला लगेच ओळखलं. तो दारातच उभा राहिला आणि बायडाबाईच्या नजरेला नजर न देता म्हणाला, “मिस्तरी, आईनं बोलावलंय. चौकट ज्यानं बसवली त्यानंच उतरवायची, म्हणते. आन तुमच्या तोंडानं तिला ऐकायचंय, बाही कशी व्हती ते. बाकीच्यांचं लय ऐकलं, म्हणते.”

बायडाबाईनं देवाला हात जोडले. वाल्मीकची गाडी वळायच्या आत तिनं डाव्या-उजव्या हाताच्या आणि समोरच्या घरी सांगून टाकलं, “उद्या बघा! उद्या निकाल हाय. सगळ्यांची तोंडं बंद व्हनार हायेत.” रात्री तिनं त्याचा धुतलेला सदरा काढून ठेवला. त्यानं बापाचा जुना रंधा काढला आणि पात्याला दगडावर धार लावली.

सकाळी तो मखमलाबादला गेला तेव्हा शकुबाई मागच्या दाराशी बसली होती. केस पांढरे झालेले, अंग आक्रसलेलं. त्याला पाहून ती उठली आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली. तो तिच्या मागोमाग गेला. वाल्मीक आणि दोन मजूर रस्त्यावर टेम्पोत विटा भरत होते. इथं दोघांशिवाय कोणी नव्हतं.

गोटीरामनं बाजूचं सिमेंट छिन्नीनं तोडलं आणि मजुरांना हाक मारून चौकट धरून सगळी अंगणात आडवी केली. मजूर परत गेले. त्यानं गणेशपट्टी ठोकून वेगळी काढली. भिमाजीनं खरवडलेली बाही दोन दगडांवर ठेवली. तिचं वरचं टोक कुठलं यात शंका नव्हती, तिथं पट्टीचा सांधा होता. आता फक्त पेंट काढायचा होता. त्यानं रंधा लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. तपकिरी रंगाच्या चिपा पडल्या. दुसऱ्यांदा ओढला, तिसऱ्यांदा ओढला, आणि साग उघडा झाला.

रेघा बुडापासून निघून वर गेल्या होत्या. जिभेत जीभ, जिभेत जीभ, सगळ्यांची टोकं गणेशपट्टीकडे. फक्त बिजागरीपाशी फांदीची एक गाठ होती, आणि गाठीभोवती रेघा वळून तळहाताएवढ्या जागेत खाली उतरल्या होत्या. भिमाजीनं तेवढंच बघितलं होतं. तेवढंच बघितलं असतं तर गोटीरामही फसला असता. पण बाही सरळ होती. पहिल्या दिवसापासून सरळ होती.

क्षणभर त्याला काही वाटलं नाही. मग छातीत असं काही उसळलं की रंधा हातातून सुटतो की काय. मी बघितलं होतं! मी बघूनच लावली होती! बायडाबाईला ओरडून सांगावं, पळत सुटावं, द्वारकेपासून पंचवटीपर्यंत प्रत्येक शेडमध्ये जाऊन ही बाही दाखवावी, असं त्याला वाटलं. इतक्या वर्षांनी त्याला काहीतरी वाटत होतं, आणि तो आनंद होता.

“काय हाय, मिस्तरी?” शकुबाईनं विचारलं.

त्यानं वर बघितलं. ती पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती. तिला लाकडातलं काही कळत नव्हतं. ती फक्त त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. गोटीरामला ती भीती कशाची हे लगेच कळलं. बाही उलटी असेल तर नवनाथला गोटीरामनं मारलं. बाही सरळ असेल तर मग त्या दुपारचं एक ताट उरत होतं, आणि त्या ताटावरून त्याला उठवणारी आई. अकरा वर्षं ती मागच्या दारानं आत-बाहेर करत होती ती या बाहीच्या आधारावर. तो आधार आता त्याच्यासमोर दोन दगडांवर पडला होता.

त्याला फार विचार करावा लागला नाही.

“उलटीच व्हती, शकुबाई,” तो म्हणाला. “माज्या हातनं झालं.”

शकुबाईनं डोळे मिटले. मग ती मटकन खाली बसली, आणि “माजं लेकरू” म्हणून रडू लागली. शिव्या नाहीत, शाप नाहीत, नुसती रडत होती. वाल्मीक रस्त्यावरून पळत आला. “मिस्तरीला पानी दे,” ती रडता रडताच त्याला म्हणाली. गोटीराम पाणी प्यायला. मग त्यानं बाही उचलून टेम्पोत टाकली आणि रंधलेलं अंग खाली केलं. जुन्या लाकडाचा व्यापारी ती दुपारी घेऊन जाणार होता.

तो चाळीत परतला तेव्हा दुपार कलली होती. बायडाबाई उंबऱ्यातच बसली होती. शेजारच्या दोघी-तिघी आपापल्या दारांत तांदूळ निवडत असल्याचं दाखवत होत्या. तो तसाच आत गेला. ती त्याच्या पाठोपाठ आत आली.

“काय निघालं?”

“उलटीच.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “रंधा मारून बघितलं?”

“या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“नीट बघितलं?”

“नीट बघितलं.”

बायडाबाई भिंतीला टेकली. तिचा चेहरा त्यानं इतका रिकामा कधी बघितला नव्हता. “मंग इतकी वरसं मी कुनासाठी भांडले वो?” ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. “बहिनीला तोडलं म्या.”

खरं त्याच्या जिभेवर आलं. पण त्याला बायको माहीत होती. ते ऐकल्यावर ती पायात चपला न घालता मखमलाबादला गेली असती, आणि शकुबाईच्या दारात उभं राहून सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं ओरडून आली असती. एक म्हातारी आज पहिल्यांदा नीट रडली होती.

“तुला कोनी सांगितलं व्हतं भांडायला?” तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून शेजारणीनं विचारलं, “काय निघालं गं बायडे?”

बायडाबाई नेहमीसारखी बाहेर गेली नाही. तिथूनच, मान खाली घालून, ती म्हणाली, “लोक म्हनत व्हते तेच.”

गोटीरामला रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.